शब्द बनवू नका, झिजवा

"मावशी, हा झारगोथ कोण्या गावचा?"

भाचा तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि मी त्याला माझ्या गोष्टीचं पहिलं प्रकरण वाचून दाखवत होते. त्यात झारगोथ होता, एल्मिरिया नावाची राणी होती, क्वेलंद नावाचं राज्य होतं. सगळी रात्री जेवणं आटोपल्यावर पेन चावत बसून सुचलेली नावं. पोट्ट्याचा प्रश्न काही वेगळा नव्हता. आपल्याकडे आडनाव कळलं की पुढचा प्रश्न हाच असतो. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. झारगोथ कुठल्याच गावचा नव्हता, तो कीबोर्डवरचा होता.

मी नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात बावीस वर्षं डीटीपी करते, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवते. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, तेरवीची कार्डं, बिलबुकं. दिवसाला शंभरेक नावं बोटांखालून जातात आणि प्रत्येक नाव कुठून तरी आलेलं असतं. एवढी नावं जुळवणाऱ्या बाईनं स्वतःच्या गोष्टीत मात्र हवेतली नावं घालावी, याची लाज वाटली. त्या रात्री झारगोथवर काट मारली आणि इतवारीतून आणलेल्या लाल पाठीच्या खतावणीत पहिल्या पानापासून सुरुवात केली. आता चौथी खतावणी चालू आहे. काल्पनिक देशासाठी शब्द आणि नावं कशी घडवायची, ते मला या चोपड्यांत जसं उमगलं तसं सांगते. व्याकरणात शिरणार नाही. गोष्ट वाचणाऱ्याला त्या भाषेतली वाक्यं क्वचितच दिसतात, नावं मात्र पानोपानी दिसतात.

आधी स्वतःचं गाव वाचा

एक दिवस सुट्टी काढा आणि आपल्या शहरात फक्त नावं वाचत फिरा. मी नागपूरचं सांगते.

देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून हे शहर वसवलं. त्या बारा वाड्यांना राजापूर बारसा म्हणत. बारसा म्हणजे बारा. लेकराचं बारसंही बाराव्या दिवसावरूनच. म्हणजे शहराच्या जन्मनावातच बारसं आहे, आणि हे मला बारशाच्या पत्रिका पंधरा वर्षं जुळवल्यावर लक्षात आलं.

मग बाजार. बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, मंगळवारी आणि इतवारी. आठवडी बाजाराच्या वारांची नावं वस्त्यांना चिकटली. पण नीट बघा, पुण्यात रविवार पेठ आहे आणि आमच्याकडे रविवारी नाही, इतवारी आहे. आदित्यवाराचं झिजून उत्तरेकडे इतवार झालं, तो शब्द इथं बुधवारीच्या शेजारी येऊन बसला. एका रस्त्यावरच्या दोन नावांत कळतं की इथं दोन भाषा एकमेकींशी भाव करत आल्या आहेत. आणि शुक्रवारी तलाव? त्यालाच जुम्मा तलाव म्हणतात, त्यालाच गांधीसागर म्हणतात. पाणी तेच. रिक्षावाल्याला कोणतं नाव सांगता, त्यावरून तुमचं वय आणि मोहल्ला कळतो.

तुमच्या देशातल्या एका तरी जागेला अशी तीन नावं द्या. मी माझ्या राजधानीतल्या तळ्याला दिली आणि पुढे गोष्टीत दोन माणसं एकाच ठिकाणी भेटायचं ठरवून वेगवेगळ्या नावांमुळे चुकली. अख्खं प्रकरण फुकटात मिळालं.

आवाज

यावर फार वेळ घालवू नका. त्या लोकांच्या तोंडात कोणते आवाज नाहीत, एवढं ठरवा. मी ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ असे सगळे जड आवाज काढून टाकले, ट ते ण हा अख्खा वर्ग काढला, आणि ह सुद्धा. मराठी वाचकाला कारण कळत नाही पण कानाला लगेच परकं लागतं. काय घ्यावं यापेक्षा काय गाळावं यानं भाषेचा चेहरा ठरतो.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक धंद्यातली सूचना. जोडाक्षरांचे ढिगारे करू नका. "ङ्क्ष्व्र" असलं काही सुचलं तर ते फाँटात तुटतं, प्रूफात दिसत नाही आणि मोठ्यानं वाचणाऱ्याची बोबडी वळते. शिवाय दोन मुख्य पात्रांची नावं एकाच अक्षरानं सुरू करू नका. एकदा माझ्या हातून "चि. प्रणय"चं "चि. प्रलय" झालं. पाचशे पत्रिका छापून झाल्यावर नवरदेवाच्या मामाच्या लक्षात आलं. एका अक्षराचा फेर. कागदाचे पैसे मीच भरले, आणि तेव्हापासून माझ्या गोष्टीत दोन नावांत किमान दोन अक्षरांचा फरक असतो.

झिजवणं

खरं काम इथं आहे. मी हेच शिकायला सगळ्यात जास्त वेळ लावला, म्हणून सावकाश सांगते.

नवा शब्द थेट बनवला की तो नव्या कोऱ्या स्टीलच्या गंजासारखा चमकतो. खरा शब्द हा आजीच्या हातातून आईच्या आणि आईच्या हातातून आपल्या हातात आलेला असतो, त्याला पोचे पडलेले असतात. म्हणून आजचा शब्द बनवायचाच नाही. हजार वर्षांपूर्वीचा शब्द बनवायचा आणि तो नियमानं झिजवायचा.

नियम कुठून आणायचे? आपल्याच घरातून. हस्त, हत्थ, हात. कर्ण, कण्ण, कान. सप्त, सत्त, सात. जोडाक्षरातली दोन व्यंजनं आधी एकसारखी झाली, मग जोडी सुटली आणि जाताना आधीचा स्वर लांबवून गेली. आता दुसरी बाजू बघा. माता, माय. शत, आणि त्याचं दोनशे-तीनशेमधलं शे. इथं त गेला कुठं? दोन स्वरांच्या मधे एकटा सापडलेला त विरून गेला. मग सातमधला त कसा वाचला? कारण एकटे त विरत होते त्या काळात हा एकटा नव्हता, सत्तमध्ये जोडीनं उभा होता. जोडी सुटेपर्यंत विरायचा हंगाम संपला होता. म्हणजे नियम जितके महत्त्वाचे, तितकाच त्यांचा क्रम.

हे मला जेव्हा उमगलं तेव्हा मी मशीन बंद करून चहा प्यायला गेले होते. तर्री पोह्यांच्या टपरीवर उभं राहून बिलाच्या मागे पाच नियम लिहिले. ते असे.

पहिला: चार किंवा जास्त अक्षरांच्या शब्दात दुसरं अक्षर आपला ऱ्हस्व स्वर टाकतं. आपण कापूस म्हणतो पण कापसाचा म्हणतो, मधला ऊ गळतो, तसंच. दुसरा: त्यामुळे जी दोन व्यंजनं एकमेकांना भिडतील, त्यात दुसऱ्याची सरशी, पहिलं त्याच्यासारखं होतं. तिसरा: दोन स्वरांमधे एकटे उरलेले क, त, प मऊ होऊन ग, द, व होतात. चौथा: जोडी सुटते, आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो. पाचवा: शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व स्वर गळतो, आणि तो इ असेल तर जाता जाता आधीच्या अ चा ए करून जातो. धुळवडीच्या पोरासारखा, स्वतः पळतो पण शेजाऱ्याला रंग लावून.

आता माल घाला. जुन्या भाषेत पाणी म्हणजे मिपु. गाव म्हणजे तोरु. मिपु हा एकटा शब्द घेतला तर पहिला-दुसरा नियम लागू नाही, तिसऱ्यानं मिवु, पाचव्यानं मिव. तर आजचे लोक पाण्याला मिव म्हणतात. तोरुचं नुसतं तोर झालं. पण पाण्याकाठचं गाव जुन्या लोकांनी मिपुतोरु म्हटलं होतं. चार अक्षरं झाली. आधी मिप्तोरु, मग मित्तोरु. तिसरा नियम आला पण त जोडीत आहे, त्याला हात लावता येत नाही. चौथ्यानं मीतोरु, पाचव्यानं मीतोर.

बघा काय झालं. आजच्या माणसाच्या तोंडी पाणी मिव आहे आणि गाव मीतोर. त्यातला "तोर" त्याला ओळखता येतो, पण पुढचा "मी" म्हणजे काय ते सांगता येत नाही. आपल्याला तरी कुठं सांगता येतं? अंमळनेर, पिंपळनेर, संगमनेर यांतला नेर म्हणजे नगर, हे गावात राहून कितीजणांना ठाऊक असतं?

हा खेळ माझा नाही. "लॉर्ड ऑफ द रिंग्ज" लिहिणाऱ्या टोल्किन यांनी त्यांच्या गोष्टींतल्या एल्फ लोकांच्या दोन भाषा अशाच एका जुन्या भाषेतून उतरवल्या. झाडाचं जुनं रूप गलदा, एका शाखेत त्याचं अल्दा झालं, दुसऱ्या शाखेत गलध. पहिलीवर फिनिश भाषेची छाप, दुसरीवर वेल्शची. त्यांना ज्या भाषांचं वेड होतं त्यांच्याकडून त्यांनी घेतलं. मला मराठीचं आहे, मी मराठीकडून घेते. परदेशी भाषा यायलाच हवी असं काही नाही.

याउलट १८८७ साली झामेनहॉफ यांनी मांडलेली एस्पेरांतो, जगभरच्या लोकांसाठी बनवलेली भाषा. तिच्यात चांगला म्हणजे बोना आणि वाईट म्हणजे मलबोना. मल लावला की उलट अर्थ, झालं काम. शिकायला सोपी म्हणून ती तशी बनवली आणि तिथं ते शोभतं. गोष्टीतल्या देशाला इतकी नीटनेटकी भाषा दिलीत तर तिथं कधी कोणी म्हातारं झालंच नाही असं वाटतं.

शब्द घराबाहेर काढण्याआधी

डोंगराला जुना शब्द मी लकि ठरवला होता. नियमानं लगि, आणि शेवटचा इ रंग लावून गेल्यावर लेग. मोठ्या कौतुकानं वाचलं, "वीरांनी लेग ओलांडला." भाचा पोट धरून हसला. "मावशी, लेगपीस?" सावजीच्या गावात डोंगराला लेग म्हणायचं म्हणजे कमालच. मग दकि केलं, त्याचं देग झालं. मोमिनपुऱ्यात बिर्याणी शिजते ती देग. तिसऱ्या खेपेला सकि, सेग. सेगला अजून कोणी हसलेलं नाही.

म्हणून प्रत्येक शब्द मराठीत, हिंदीत आणि आपल्या गल्लीच्या बोलीत मोठ्यानं म्हणून बघा. शक्यतो दहा-बारा वर्षांच्या पोरासमोर. शिव्या त्याला तुमच्यापेक्षा जास्त येतात. आणि वाईट निघालेला शब्द आजच्या रूपात बदलू नका, मागे जाऊन जुनं रूप बदला आणि परत झिजवा. नाहीतर नियम मोडतो आणि पुढच्या प्रत्येक जोडशब्दात तो मोडका पाय लंगडतो.

एक अपवाद मी मुद्दाम ठेवला. रिकामं याला जुना शब्द नोका, त्याचं आज नोगा. नागपूरकराला नोगा म्हटलं की संत्र्याचं सरबत आणि जॅम आठवतो. राहू दिला. आमच्या घरात नोगाची बाटली तशीही रिकामीच सापडते.

कोणते शब्द लागतात

शब्दकोश वरपासून खालपर्यंत भरत बसू नका. सूर्य, चंद्र, तलवार, राजा या शब्दांत कुठलाच देश दिसत नाही. त्या लोकांना रोज कशाची नड पडते ते बघा. आमच्याकडे २५ मेपासूनच्या नऊ रखरखत्या दिवसांना नवतपा हा शब्द आहे. कोकणातल्या माणसाला त्याची गरज नाही. आमच्याकडे वावर आहे, धुरा म्हणजे वावराचा बांध आहे, पऱ्हाटी म्हणजे कपाशी आहे, कारण भांडणं धुऱ्यावरून होतात आणि पोट पऱ्हाटीवर चालतं.

माझे लोक तळ्यांवर जगतात. उन्हाळ्यात एक पंधरवडा असा येतो की तळ्याचा तळ उघडा पडतो, बुडालेल्या वस्तू सापडतात आणि जुनी भांडणं वर येतात. त्याला शब्द हवा होता. मिपु आणि नोका. मिपुनोका, मिप्नोका, मिन्नोका. आता तिसरा नियम, शेवटचा क एकटा आहे म्हणून ग, मिन्नोगा. मग मीनोगा. शेवटचा आ दीर्घ आहे म्हणून टिकला. "मीनोगात बोलू" म्हणजे आत्ता हा विषय नको, सगळं उघडं पडेल तेव्हा बोलू. हा वाक्प्रचार मी ठरवून बनवलेला नाही. शब्द तयार होता, एका पात्रानं तो भांडणात वापरला.

माणसांची नावं

काल्पनिक गोष्टींत प्रत्येकाच्या नावाचा अर्थ तेजस्वी योद्धा किंवा चंद्रकन्या असतो. लग्नपत्रिका जुळवणाऱ्या माणसाला हे पटत नाही. आजोबांच्या पिढीची नावं बघा, पत्रिकेत "कै." लावून येतात ती. धोंडू, दगडू. मूल जगत नव्हतं म्हणून त्याला दगड म्हटलं, दृष्ट लागू नये म्हणून. वारावरून सोमा, बुधा, मंगळी. आणि मुलगी नको होती म्हणून नकुशी. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८० हून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली. एका नावात अख्खं घर उघडं पडतं. तुमच्या देशात आई-बाप कशाला घाबरतात, ते ठरवा, नावं आपोआप येतील.

व्यवसायाची नावं सगळ्यात जास्त झिजलेली असतात. कुंभकाराचा कुंभार, सुवर्णकाराचा सोनार, लोहकाराचा लोहार. कार झिजून आर उरला. नागपूरकर मधला कर मात्र अजून शाबूत आहे, कालच लावल्यासारखा. माझ्या भाषेत मी हा फरक पाळते. जुना प्रत्यय नु, करणारा या अर्थी, बाईला री. मिपुनु म्हणजे पाण्यावरचा, नावाडी. तीन अक्षरं आहेत म्हणून पहिला नियम नाही. मिवुनु, मिवुन. बाई असेल तर मिवुरी. डोंगरातला तो सगिन, ती सगिरी. गावावरून पडलेलं आडनाव मात्र अलीकडचं, त्यात आजच्या शब्दाला सरळ "न" हा प्रत्यय जोडायचा, झिजवायचा नाही. मीतोरचा तो मीतोरन. वाचकाला हे सांगावं लागत नाही. मिवुन हे जुन्या घराण्याचं आणि मीतोरन हे दोन पिढ्यांपूर्वी शहरात आलेल्यांचं, हे कानाला समजतं.

शेजारची भाषाही आडनावात दिसू द्या. आमच्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या पत्रिकांत वारान्त आडनावं किती येतात! तो वार तेलुगूचा, मंडळी या अर्थाचा, आदरानं लावलेला. पत्रिका मराठीत, बँडवाला हिंदीत, आडनावाचं शेपूट तेलुगूत.

उसने शब्द आणि सरकलेले अर्थ

बटाटा, पगार, चावी हे पोर्तुगीजांकडून आले. ते समुद्रावरून आले, म्हणून मुंबईत बटाटा रुजला आणि आमच्या भाजीबाजारात अजून आलूच म्हणतात. शब्द कुठल्या वाटेनं आला आणि कुठं थांबला हे नकाशावर काढा. माझ्या देशात नाण्याचा शब्द समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांनी आणला, त्यांच्याकडे तो हाखो आहे. माझ्या लोकांना ह येत नाही, ख येत नाही, म्हणून आको. आता नीट बघा, दोन स्वरांमधला क आहे तरी त्याचा ग झाला नाही. म्हणजे मऊ व्हायचा हंगाम संपल्यावर हा शब्द आला. नाणी या देशात उशिरा आली, हे मी गोष्टीत कुठंही लिहिलेलं नाही, पण शब्दात आहे.

अर्थही सरकवा. तैल म्हणजे तिळाचं. आज खोबऱ्याचं तेल, शेंगदाण्याचं तेल, आणि चिमणीत घालायचं मातीचं तेलसुद्धा. तिळाला कोणी विचारत नाही. सांबारची गंमत तर नागपूरकरानं बाहेर गेल्यावरच कळते. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या मावसबहिणीनं भाजीवाल्याला "एक जुडी सांबार द्या" हे माझं वाक्य ऐकलं आणि ती इडली शोधायला लागली. माझ्या मिवुनचंही असंच झालं. आधी नावाडी, मग पैलतीरावर नेण्याआधी पैसे मोजून घेणारा, आणि आज राजधानीत काम करण्याआधी हात पुढे करणारा कारकून म्हणजे मिवुन. ज्यांचं खरंच आडनाव मिवुन आहे त्या घरातल्या पोराला शाळेत काय ऐकावं लागत असेल, त्यावरून तिसऱ्या चोपडीतलं मुख्य पात्र सुचलं.

लोकांना चुकू द्या

कामठीला विचारा, नाव कुठून आलं. दहातले आठ सांगतील, इंग्रजांची छावणी होती, कॅम्प टी, त्याचं कामठी. छावणी होती हे खरं, १८२१ ची. बर्डीवर विचारा. शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद असे दोन गवळी भाऊ होते, त्यांच्या नावांचं मिळून सीताबर्डी. अशा कथा खऱ्या की खोट्या हा मुद्दा वेगळा. प्रत्येक गावाकडे एक कथा तयार असते आणि ती अभिमानानं सांगितली जाते, हे महत्त्वाचं.

म्हणून तुम्हाला खरी व्युत्पत्ती माहीत असली तरी तुमच्या पात्रांना ती देऊ नका. डोंगराजवळचं गाव सकितोरु होतं. सक्तोरु, सत्तोरु, सातोरु, सातोर. आज डोंगर सेग झाला आहे, त्यामुळे सातोरमध्ये डोंगर आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पण त्याच भाषेत सक्ता या जुन्या शब्दाचं साता झालंय, म्हणजे दमलेला. झालं. गावकरी सांगतात, राजाची फौज पळून आली, इथं येऊन दमून बसली, म्हणून सातोर, दमलेल्यांचं गाव. दरवर्षी त्या दिवशी सगळं गाव दुपारी पारावर झोपून सण पाळतं. गावाच्या मागं तो डोंगर उभा आहे, सगळ्यांच्या डोक्यावर सावली टाकून, आणि कोणी मागं वळून बघत नाही.

अशी चूक लिहिताना एक काळजी घ्या. चुकीची कथा खऱ्यापेक्षा रसाळ पाहिजे. नाहीतर वाचक विचारेल, हे लोक ती का धरून बसलेत?

खतावणी

हे काम डोक्यात ठेवून होत नाही. खतावणीत मी चार रकाने पाडते: जुनं रूप, आजचं रूप, अर्थ, आणि गोष्टीत पहिल्यांदा कोणत्या पानावर आला. चौथा रकाना आळसानं सोडला की हमखास पस्तावा होतो. दीड-दोनशे मुळं पुरतात, त्यापुढं जोडशब्दांवर भागतं. संगणकावर ठेवलंत तरी चालेल. मी दिवसभर संगणकासमोर असते, म्हणून घरी कागद.

तरी चुका राहतातच. मागच्या दिवाळीत भाचा पहिली चोपडी काढून बसला. आता तो पंधराचा आहे, मिसरूड फुटलंय, आणि नियम त्याला माझ्यापेक्षा पाठ. म्हणाला, "मावशी, ही तोकारी आजी. तोका म्हणजे ज्वारी, ज्वारीच्या हंगामात जन्मलेली. मग मधला क तसाच काहून? तोगारी पाहिजे ना?" बरोबर होतं. नियम ठरवायच्या आधी लिहिलेलं नाव, आणि ही आजी चारही चोपड्यांत आहे. सव्वाशे पानांवर तोगारी करत बसायचं, की नियमाच्या तोंडाला पानं पुसायची?

दोन दिवस मी त्याच्याशी नीट बोलले नाही. मग कणीक भिजवताना सुचलं. आमच्या आईला पुण्याचे पाहुणे हसायचे, ती "मला" न म्हणता "मले" म्हणायची म्हणून. तसं असेल की. आजी डोंगरातली आहे, आणि मऊ व्हायची ती लाट डोंगर चढलीच नाही. खाली सगळे तोगारी म्हणतात, ती स्वतःला तोकारी म्हणवते, आणि कोणी दुरुस्त करायला गेलं तर दोन दिवस बोलत नाही.

भाच्याला सांगितलं. त्यानं थोडा वेळ छताकडं बघितलं. "मग वरचे लोक पाण्याला मिव नाही म्हणणार. मिप म्हणतील."

"हाव."

त्यानं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि चौथ्या खतावणीत, माझ्या चार रकान्यांच्या उजवीकडं, फूटपट्टी न लावता पाचवा रकाना ओढला.